चाळीस फेऱ्या

"पूर्ण बाराशे?" त्या गृहस्थांनी विचारलं. सुरात शंका नव्हती, असलंच तर कौतुक होतं. कार्यक्रम आटोपला होता, मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात झाली होती, आणि हातमोज्यांनी मनगटावर सोडलेली गोरी-काळी रेघ दिसू नये म्हणून दादानं हात पाठीमागे बांधले होते. "पूर्ण बाराशे," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यानं माझ्याकडे पाहिलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मी मान हलवली. गृहस्थांनी दोघांशी हात मिळवला आणि ते दाराकडे वळले. झालं ते एवढंच. पण ती हललेली मान तेव्हापासून माझ्या मागे लागली आहे. भांडी घासताना, सिग्नलला थांबलेली असताना, मधेच आठवते आणि वाटतं, आपल्याला विचारलं कुणी होतं?

त्या बाराशेतला एकही किलोमीटर मी सायकलवरून केला नाही, हे आधी सांगून टाकते. मी मागच्या गाडीत होते. चार रायडर, नऊ दिवस, आणि त्यांच्या पाठीमागे सरपटणारी एक गाडी, तिच्यात आम्ही तिघं: गाडी चालवणारे काका, पंक्चरपासून गिअरपर्यंत सगळं बघणारा एक विशीतला मुलगा, आणि मी. माझ्याकडे पाणी, खाणं, औषधांचा डबा, पावतीपुस्तक आणि वही. मोहीम लहान मुलांच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी होती. लोकांनी किलोमीटरमागे अमुक असे आकडे आधीच लिहून दिले होते, म्हणजे जितकं अंतर होईल तितकी देणगी. त्यामुळे वहीला फार मान होता. कोण किती वाजता निघालं, किती किलोमीटरवर थांबलं, किती पाणी प्यायलं, काय खाल्लं, आणि हसू नका, लघवीला शेवटचं कधी गेलं, हे सगळं तिच्यात. तहान लागेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो, आणि बारा तास सायकलवर बसलेल्या माणसाला आपण शेवटचं पाणी कधी प्यायलो ते खरंच आठवत नाही. "आत्ताच तर प्यायलो" असं तो शपथेवर सांगतो, आणि वहीत पाहावं तर दीड तास उलटून गेलेला.

गाडीतले नऊ दिवस म्हटलं की मला सगळ्यात आधी ऐकू येतो तो टिकटिकाट. मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून चारही दिवे सतत लुकलुकत ठेवायचे, आणि ते लुकलुकले की आत टिक-टिक होतेच. पहिला तासभर जाणवते, मग जाणवत नाही, मग रात्री उशीला कान लावला की उशीतून ऐकू येते. त्याच्या जोडीला वास. भिजलेले मोजे, चेनचं तेल, जंतुनाशक मलम, काळी पडत चाललेली केळी, आणि या सगळ्यावर मात करायला कुणीतरी फोडून ठेवलेलं संत्रं. ताशी अठरा-वीसच्या वेगानं दिवसभर गाडी चालवणं म्हणजे काय हे काकांच्या डाव्या गुडघ्याला विचारावं. गाडीला तो वेग आवडत नाही. ती दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरते, तिसऱ्यात आचके देते. सारखा क्लच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका गाडीतून उतरले ते दाराला धरूनच उभे राहिले. त्याच वेळी चारही रायडर जमिनीवर आडवे पडून पाय भिंतीला टेकवत होते आणि सगळे त्यांचे फोटो काढत होते. काकांच्या गुडघ्याचा फोटो कुणी काढला नाही. मीही नाही.

मागच्या गाडीतून माणूस पाठीकडूनच दिसतो. दादाला मी जन्मापासून ओळखते, पण त्याची पाठ मला या नऊ दिवसांत कळली. ताजातवाना असला की त्याचे खांदे एका रेषेत असतात आणि फक्त पाय फिरतात, जणू कमरेच्या वरच्या माणसाचा खालच्या माणसाशी संबंध नाही. थकला की उजवा खांदा खाली येतो. फारच थकला की प्रत्येक पॅडलला डोकं हलतं, होकार दिल्यासारखं. ते डोकं हलायला लागलं की मी वहीत वेळ लिहायची आणि काकांना म्हणायची, "काका, पुढे घ्या." मग गाडी त्यांना ओलांडून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर थांबायची आणि मी बाटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची.

बाटली देणं ही चांगली पंधरा सेकंदांची कला आहे. पहिल्या दिवशी मी ती मुठीत गच्च धरली. दादानं चालत्या सायकलवरून ती पकडली, मी सोडली नाही, आणि तो जवळजवळ माझ्या अंगावर आला. मग त्या मुलानं मला शिकवलं. बाटली तळहातात घ्यायची नाही. वरच्या टोकाला दोन बोटांत लोंबकळत ठेवायची, म्हणजे पकडायला तिचं सगळं अंग मोकळं राहतं. रायडर जवळ आला की त्याच्याच दिशेनं पळायला लागायचं, तोंड पुढे, हात मागे. त्याच्या वेगाच्या जेवढं जवळ जाता येईल तेवढं जायचं, आणि ओढ जाणवली की सोडून द्यायचं. बघायचं नाही. बघायला वळलं की हात हलतो. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चार बाटल्या पडल्या, तिसऱ्या दिवशी एक. पाचव्या दिवशी चढावर मी न बघता पळत होते, बोटांना ओढ लागली, बोटं उघडली आणि बाटली गेली. मागून दादाचा आवाज आला, "वा!" शाळेत माझा नंबर आला तेव्हाही तो असा वा म्हणाला नव्हता.

तोपर्यंत त्याच्या हातांची वाट लागली होती. हँडलवर दिवसचे दिवस भार टाकला की मनगटातून जाणारी नस दबते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. लांब पल्ल्याच्या रायडरांना यात नवल वाटत नाही. मला वाटलं, कारण चौथ्या रात्री दादाला शर्टाचं बटण लावता येईना. तो काही बोलला नाही, खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून खटपट करत राहिला. मी जाऊन लावून दिलं. याहून वाईट प्रकार असतात म्हणे. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' १९८२ साली अवघ्या चार जणांनी सुरू केली. त्यातल्या मायकेल शर्मर यांच्या मानेच्या स्नायूंनी पुढच्याच वर्षी असा असहकार पुकारला की डोकं वर धरताच येईना. त्या दुखण्याला आता त्यांचंच नाव आहे. त्या शर्यतीचं अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. एकट्या रायडरला बारा दिवसांची मुदत, सांघिक गटाला नऊ. २०१५ साली महाजन बंधूंनी दोघांच्या संघानं ती पुरी केली तेव्हा दादानं त्यांचा फोटो फोनच्या पडद्यावर लावला होता आणि घरात कुणालाच कळलं नव्हतं हे दोघं कोण. मी त्या शर्यतीबद्दल वाचलं ते क्रूच्या बाजूनं. तिथे रात्री रायडरनं मागच्या गाडीच्या दिव्यांच्या उजेडातच राहायचं असतं. म्हणजे गाडीतल्या माणसांना झोप आली तर रायडरला थांबावं लागतं. मला हे वाचून बरं वाटलं. का ते नीट सांगता येत नाही.

आमची भांडणं झाली का? झाली. पाचव्या दिवशी दोन तास मी आणि दादा एकमेकांशी बोललो नाही, आणि कारण मीठ घातलेले उकडलेले बटाटे होते, जे मी संपले असं सांगितलं आणि जे सीटखाली सापडले. आत्ता हसू येतं. पण एवढ्याशा जागेत, एवढ्या थोड्या झोपेवर माणूस बटाट्यावरूनही नातं तोडायला निघतो. मला तेव्हा टेरी फॉक्सची गोष्ट आठवली. १९८० साली हा एकवीस वर्षांचा मुलगा कर्करोगात गमावलेल्या पायाच्या जागी कृत्रिम पाय लावून कॅनडा धावत ओलांडायला निघाला, कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला. १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर, आणि फुप्फुसात आजार पसरल्यावर थांबला. हे सगळ्यांना माहीत असतं. मागून व्हॅन चालवणारा त्याचा मित्र होता, डग अल्वर्ड, आणि काही आठवड्यांतच दोघांचं इतकं बिनसलं की बोलणं बंद झालं. शेवटी टेरीचे आईवडील विमानानं तिथे गेले, दोघांची समजूत घातली, आणि पुढे त्याचा धाकटा भाऊ डॅरेल व्हॅनमध्ये येऊन बसला. एवढ्या थोर गोष्टीच्या पोटात हे असं रुसणं-फुगणं आहे म्हणून ती मला जास्त खरी वाटते. आणि त्या डॅरेलबद्दल मला आपुलकी वाटते. दोन रुसलेल्यांच्या मधे बसायला बोलावलेलं धाकटं भावंड. ती जागा मी ओळखते.

पैशाबद्दलही बोलायला हवं, कारण गाडीत मला विचार करायला वेळच वेळ होता आणि विचार नेहमी तिकडेच जायचे. दादानं घाट चढल्यानं कुणाचा आजार कमी होतो? ज्यांनी आकडे लिहून दिले त्यांनी तेवढेच पैसे सरळ संस्थेकडे पाठवले असते तर आम्ही सगळे घरी बसलो असतो, काकांचा गुडघा शाबूत राहिला असता, आणि सायकलींमागे नऊ दिवस धूर सोडत गाडीही हिंडली नसती. खर्च आम्ही आपापला केला होता, देणगीतली एक दमडी त्यासाठी वापरली नव्हती, पण तरी. मी हे एका रात्री दादाला म्हटलं. तो पायांना तेल चोळत होता. "पाठवले असते तर ना," तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणजे लोक तुझ्या दुखण्याचे पैसे देतात. तो थोडा वेळ चोळत राहिला. "दुखण्याचे नाही गं. मी परत येऊन हिशेब विचारणार म्हणून देतात." हे मला पटलं आणि पटलं नाही. लोकांना कुणीतरी झिजताना दिसायला हवं असतं, असं मला अजूनही वाटतं. चार जण सुखात गाडीतून जाऊन आले असते आणि किलोमीटरमागे पैसे मागितले असते तर? आणि आम्ही तिघं गाडीतूनच तर गेलो होतो.

सातव्या दिवशी दुपारी आम्ही एका झाडाखाली थांबलो असताना एक म्हातारे गृहस्थ आले. सायकली झाडाला टेकवल्या होत्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. आधी एकीचं, मग दुसरीचं, असं करत चारही सायकलींचे पुढचे टायर अंगठ्यानं दाबून पाहिले. मग बॅनर वाचला, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. खिशातून चौघडी केलेली नोट काढली, माझ्या हातात दिली आणि चालू लागले. मी पावतीपुस्तक घेऊन मागे पळाले, "काका, नाव सांगा, पावती घ्या." ते म्हणाले, "लिहू नका." मी म्हटलं, लिहावं लागतं. "मग काहीही लिहा," म्हणाले. "तिसऱ्या सायकलची हवा कमी आहे." आणि गेले. मी पावतीवर 'एक हितचिंतक' लिहिलं. वहीत मात्र 'टायर दाबणारे काका' असंच आहे. तिसऱ्या सायकलमध्ये हवा खरोखरच कमी होती. बारीक पंक्चर निघालं.

त्यांनी अंतर विचारलं नव्हतं.

हे सगळं सांगून मी मूळ गोष्टीला बगल देते आहे हे मला कळतंय. सहाव्या दिवशी बोगदा लागला. बोगद्यात सायकलला बंदी, पाटीच होती, आणि पाटी वाचता येत नसेल तर दाखवायला पहारेकरीही होता. आम्हाला हे आधीपासून माहीत होतं. चढाच्या सुरुवातीला सायकली टपावर चढवल्या, चौघं आत कोंबले आणि निघालो. बाहेर पाऊस, आतल्या काचांवर वाफ. तिघं रायडर खुशीत होते. एकानं डोळे मिटले, एकानं सीटखाली बटाटे शोधले. दादा खिडकीशी बसला होता, मांडीवर हेल्मेट, कपड्यांतून पाणी सीटवर गळत होतं. बोगद्यातले पिवळे दिवे त्याच्या तोंडावरून एकेक करून सरकत होते. पलीकडे उतरलो तेव्हा त्यानं विचारलं, "किती?" मी गाडीच्या मीटरवरून आकडा वाचला: सहा पूर्णांक दोन. "वेगळं लिही," तो म्हणाला. मी वेगळं लिहिलं. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. संस्थेकडून समन्वय करणाऱ्या बाईंनीही फोनवर सांगितलं, अहो, बंदीच आहे म्हटल्यावर ते अंतर धरलं तरी कोण काय म्हणणार आहे, आपण आधीच बाराशे जाहीर केलंय. दादा हो म्हणाला. हो म्हणतानाचा त्याचा आवाज मला माहीत आहे. तो नाही असतो.

मदत कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते, हा सायकलवाल्यांचा फार जुना वाद आहे. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची १,२०० किलोमीटरची मोहीम १८९१ पासूनची. आज ती शर्यत म्हणून होत नाही, नव्वद तासांत आपापली पुरी करायची असते. पण तिथे तुमच्या गाडीनं तुम्हाला मदत करायची ती ठरलेल्या थांब्यांवरच. वाटेत कुणी आपलं माणूस गाडी थांबवून पाणी देईल तर ते नियमाबाहेर. म्हणजे माझी दोन बोटांची सगळी कला तिथे गुन्हा ठरली असती. आणि या बाबतीतला सगळ्यात जालीम किस्सा १९१३ च्या 'टूर द फ्रान्स'मधला. युजेन क्रिस्तोफ नावाचा रायडर पिरिनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा, पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा तुटला. तेव्हाचा नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. तो सायकल खांद्यावर टाकून कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावात गेला, लोहाराची भट्टी गाठली आणि शर्यतीच्या पंचांच्या डोळ्यांदेखत तासन्‌तास लोखंड तापवून, ठोकून चिमटा जोडला. जिंकण्याची आशा तर केव्हाच गेली होती. पण काम करायला हात दोनच. एका हातात तापलेलं लोखंड, दुसऱ्यात हातोडा, मग भाता कोण हलवणार? तिथल्या एका लहान मुलानं हलवला. त्याबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला म्हणतात.

हा किस्सा सांगणारे सगळे क्रिस्तोफची जिद्द सांगतात, पंचांचा कोरडेपणा सांगतात. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही तेच भावलं होतं. आता मात्र मला तो मुलगा दिसतो. त्याला घरी गेल्यावर कळलं असेल का, आपण हलवलेल्या भात्याची नोंद झाली? आपल्यामुळे त्या दमलेल्या माणसाला दंड पडला? भाता हलवताना तर त्याला छान वाटलं असणार. कुणीतरी मोठं काहीतरी करतंय आणि आपल्या हाताशिवाय त्याचा विस्तव पेटत नाही, यासारखं सुख नाही. गाडीत बसून मी नऊ दिवस तेच सुख भोगत होते.

दादा हिशेबाच्या बाबतीत नेहमीच असा नव्हता, हेही नोंदवून ठेवते. मी आठ वर्षांची असताना मला दोरीवरच्या शंभर उड्या न थांबता मारायच्या होत्या. मोजायला दादा. मी डोळे मिटून उड्या मारत होते आणि तो खणखणीत आवाजात आकडे म्हणत होता. शंभर झाल्या, मी धावत जाऊन आईला सांगितलं, आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले. लग्न होऊन दहा वर्षं झाल्यावर एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "तुझा चेहरा लाल झाला होता, मी साठावरून एकदम ऐंशीवर गेलो." मला खरंच राग आला. त्या शंभर उड्या माझ्या होत्या. तो म्हणाला, "अगं, ऐंशी म्हणजे पण काही कमी नाहीत." आता तो ही गोष्टच नाकारतो.

तर आठवी रात्र. दुसऱ्या दिवशी जेमतेम सत्तर किलोमीटर उरले होते. आम्ही जिथे उतरलो होतो त्या विश्रामगृहाच्या मागे गोल अंगण होतं, मधे पाण्याची बैठी टाकी, भोवती सिमेंटचा रस्ता. जेवणं झाली, बाकीचे झोपले. दादा खाली आला तो सायकल घेऊनच. दिवसाचे एकशे चाळीस झाले होते. त्याच्या सायकलचा मीटर वर चार्जिंगला लावलेला होता, फोनही. "राहू दे," म्हणाला, "मोजून घेऊ." पुढच्या चाकाचा हवेचा व्हॉल्व्ह खाली जमिनीशी आणला आणि सायकल हातानं ढकलत टाकीभोवती एक फेरी चालला. व्हॉल्व्ह किती वेळा खाली येतो ते तो मोजत होता, मी टॉर्च धरून मागे. चौऱ्याहत्तर. त्याच्या टायरचा घेर दोन मीटर दहा सेंटीमीटर. मी वहीत गुणाकार केला, एका फेरीचे एकशे पंचावन्न मीटर. सहा पूर्णांक दोनला भागलं. बरोब्बर चाळीस फेऱ्या आल्या, आणि आम्ही दोघं हसलो, कारण एवढा गोल आकडा म्हणजे कुणीतरी आधीच ठरवून ठेवल्यासारखा.

मी पायरीवर बसले. वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरपी. सायकलचा मागचा लाल दिवा टाकीमागे जायचा, दोन-तीन श्वास अंधार, मग पलीकडून यायचा. फ्रीव्हीलची किरकिर जवळ आली की रेघ. तो भराभर जात नव्हता, फेरीला पाऊण मिनिट लागत असेल. सिमेंट ओलं होतं, वळणावर टायर चिकटल्यासारखा आवाज करत होता. कुत्रं एकदा भुंकलं आणि मग त्यालाही सवय झाली. बारा, तेरा. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, इतकं शांत मला त्या नऊ दिवसांत दुसरं कधी वाटलं नाही. पंचवीस झाल्या आणि माझा फोन वाजला. वहिनी. दादाचा फोन बंद लागतोय, जेवला का, गुडघा कसा आहे, बोटं बरी आहेत का. मी उठून दोन पावलं भिंतीकडे गेले, आवाज लहान केला. झोपला, म्हटलं. हो, जेवला. हो, बोटं बरी आहेत. ती पुढे काहीतरी मुलांच्या परीक्षेचं बोलली. फोन ठेवला तेव्हा लाल दिवा टाकीमागे जात होता. पायरीवर येऊन बसले. वहीत पंचवीस. मी चार रेघा मारल्या.

पुढचं सगळं मोजलं. चाळिसावी रेघ तिरपी आली. "झाल्या!" मी म्हटलं.

नंतर, घरी आल्यावर, मी फोनमध्ये पाहिलं. वहिनीचा फोन दोन मिनिटं चाळीस सेकंद चालला होता. फेरीला पाऊण मिनिट धरलं तर साडेतीन फेऱ्या होतात. साडेतीनला तीन म्हणायचं की चार? फोन आला तेव्हा तो टाकीच्या कुठल्या बाजूला होता? मी डोळे मिटून तो लाल दिवा पुन्हा पुन्हा बघते आणि दर वेळी तो वेगळ्या ठिकाणी असतो. म्हणजे सगळा प्रश्न एकशे पंचावन्न मीटरचा आहे. त्याला देणगीच्या हिशेबात काही किंमत नाही, कुणा मुलाच्या उपचारात त्यानं तसूभर फरक पडत नाही, आणि जाहीर झालेलं अंतरही मुळात गोळाबेरीजच होतं. हे सगळं मला समजतं. पण बटण लावायला बोटं चालत नसलेला माणूस एकशे चाळीस किलोमीटरनंतर पुन्हा सायकलवर बसला तो याच असल्या मीटरांसाठी, आणि त्यानं मोजायला मला बसवलं होतं.

"झाल्या?" दादानं पाय टेकवला. श्वास मोठ्यानं चालला होता. त्यानं वाकून माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. त्याच्या बाजूनं ती उलटी होती. बराच वेळ पाहिलं, किंवा मला तसं वाटलं.

"फोन कुणाचा होता?"

"वहिनीचा."

"काय म्हणत होती?"

"झोपलास का विचारत होती."

"मग?"

"झोपलाय म्हटलं."

तो हसला. "मग झोपलंच पाहिजे," म्हणाला, आणि सायकल खांद्यावर घेऊन जिना चढायला लागला. मागचा दिवा बंद करायचा राहिला होता. भिंतीवर लाल ठिपका लुकलुकत त्याच्यासोबत वर गेला.